कुदळ, कंदील आणि परतीचा अंगारा: आरपीजी मेकरमध्ये आपल्या वस्तू कशा घडवाव्यात

आरपीजी मेकर या संगणकावरचे खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये औषधाची बाटली तयार करायला दोन मिनिटे पुरतात. नाव, चित्र, किंमत आणि किती एचपी (पात्राची जीवनशक्ती) भरून यावा याचा आकडा दिला की वस्तू वापरायला सज्ज होते. पण खेळाडूने कुदळ मारून समोरची जमीन खणावी, गुहेत शिरताना कंदील पेटवावा किंवा अंगाऱ्याची पुडी उघडताच गावच्या देवळापाशी परत यावे, असे काही मनात आले की डेटाबेसचे ठरीव खण अपुरे पडतात, कारण या वस्तूंचा परिणाम कोणाच्या अंगावर होत नाही, तो नकाशावर आणि कथेवर होतो. अशा वस्तू कशा बांधाव्यात, ते पुढे तीन उदाहरणांवरून सांगितले आहे. सर्व वर्णन २०२० मध्ये आलेल्या एमझेड आवृत्तीला धरून आहे. २०१५ च्या एमव्हीमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो नोंदवला आहे. दोन्ही आवृत्त्यांच्या पोटात जावास्क्रिप्ट चालते, परंतु इथले जवळजवळ सगळे काम इव्हेंटच्या (खेळात काय घडावे ते सांगणाऱ्या यादीच्या) तयार कमांडांनी होते आणि जावास्क्रिप्टची ओळ फक्त दोन ठिकाणी लागते. एडिटरमधली नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात, म्हणून त्यांचे भाषांतर न करता ती तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

मुळात एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक चुका ती न समजल्यामुळे होतात. अशी वस्तू स्वतः काहीच करत नाही. तिच्या इफेक्ट्सच्या यादीत ‘कॉमन इव्हेंट’ (कोणत्याही एका नकाशाला न बांधलेली कमांडांची यादी) हा एक परिणाम जोडलेला असतो, आणि वस्तू वापरली की ती फक्त त्या कॉमन इव्हेंटचे दार ठोठावते. खेळाडूने मेनूतून वस्तू निवडली की एंजिन पहिल्यांदा ती वस्तू ‘कन्झ्युमेबल’ (वापरली की संपणारी) असेल तर साठ्यातून एक नग वजा करते, मग एचपी वाढवणे वगैरे परिणाम लागू करते, त्यानंतर कॉमन इव्हेंटची नोंद करून ठेवते, मेनू बंद करून थेट नकाशावर येते आणि तिथे आल्यावर तो इव्हेंट चालवते. म्हणजे आपली पहिली कमांड चालेपर्यंत वस्तू खर्ची पडून गेलेली असते. हा क्रम लक्षात ठेवावा. अंगाऱ्याच्या वेळी त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता कुदळ. एफ९ दाबून डेटाबेस उघडावा आणि आधी ‘कॉमन इव्हेंट्स’ या पानावर जाऊन एका रिकाम्या जागी ‘कुदळ मारणे’ एवढे नाव देऊन ठेवावे. ट्रिगर ‘नन’ असाच ठेवावा, कारण या इव्हेंटला वस्तूच जागे करणार आहे. ऑटोरन किंवा पॅरलल निवडल्यास तो स्विचच्या (चालू किंवा बंद एवढेच लक्षात ठेवणाऱ्या कळीच्या) अटीवर आपोआप चालू लागतो आणि वस्तूचा संबंधच उरत नाही. मग ‘आयटेम्स’च्या पानावर कुदळ तयार करावी. आयटेम टाइप ‘की आयटेम’ ठेवावा आणि किंमत शून्य ठेवावी. शून्य किमतीची वस्तू दुकानात विकता येत नाही, त्यामुळे कथेला लागणारी कुदळ खेळाडू चार नाण्यांसाठी विकून बसण्याची भीती राहत नाही. कन्झ्युमेबल ‘नो’, स्कोप (कोणावर वापरायची) ‘नन’ आणि ऑकेजन (केव्हा वापरता येते) ‘मेनू स्क्रीन’ असे निवडावे. स्कोपमध्ये ‘वन अ‍ॅलाय’ राहून गेले, तर कुदळ कोणावर वापरायची असा प्रश्न खेळ विचारतो, आणि तो वाचून हसू आले तरी खेळाडूचा विश्वास थोडा कमी होतोच. शेवटी इफेक्ट्सच्या चौकटीत दोनदा क्लिक करून ‘अदर’ या टॅबमधून कॉमन इव्हेंट निवडावा.

कुदळीपुढचा खरा प्रश्न असा की खेळाडू कोणत्या चौकोनासमोर उभा आहे हे तिला कळावे कसे. त्यासाठी तीन व्हेरिएबल (आकडा साठवणारे खण) लागतात, आणि त्यांना ‘कुदळ एक्स’, ‘कुदळ वाय’ आणि ‘कुदळ माती’ अशी बोलकी नावे द्यावीत. ‘कंट्रोल व्हेरिएबल्स’ या कमांडमध्ये गेम डेटा निवडून पहिल्या व्हेरिएबलमध्ये खेळाडूचा मॅप एक्स आणि दुसऱ्यात मॅप वाय भरावा. मग ‘कंडिशनल ब्रँच’ची चार कलमे लिहावीत: खेळाडूचे तोंड खाली असेल तर वायमध्ये एक मिळवावा, वर असेल तर एक वजा करावा, उजवीकडे असेल तर एक्समध्ये एक मिळवावा आणि डावीकडे असेल तर वजा करावा. नकाशावर वाय खालच्या दिशेने वाढतो, हे शाळेतल्या आलेखाच्या नेमके उलटे आहे आणि इथे हमखास गल्लत होते. चारही दिशा हिशेबात आल्या की ‘गेट लोकेशन इन्फो’ ही कमांड घ्यावी, माहितीचा प्रकार ‘रीजन आयडी’ ठेवावा, जागा व्हेरिएबलांवरून द्यावी आणि उत्तर ‘कुदळ माती’मध्ये साठवावे.

रीजन म्हणजे नकाशाच्या चौकोनांवर आपण रंगवलेले १ ते २५५ मधले क्रमांक. टाइलच्या पेटीतील ‘आर’ या टॅबवरून ते रंगवता येतात. खेळताना ते दिसत नाहीत आणि न रंगवलेल्या चौकोनाचा क्रमांक शून्य असतो. मी भुसभुशीत मातीसाठी ७ हा क्रमांक ठरवून टाकला आहे आणि खेळातल्या प्रत्येक नकाशावर तोच वापरतो, म्हणजे एकच कॉमन इव्हेंट सगळीकडे चालतो. रीजन ७ असेल तर खणण्याचा आवाज आणि पुढची कामे, नसेल तर ‘इथली जमीन कातळाची आहे’ एवढा संदेश. खेळाडू होडीत बसून कुदळ मारणार नाही याची खात्री हवी असेल, तर सर्वांत वर कंडिशनल ब्रँचमध्ये वाहनाची अट घालून तिथूनच परत फिरवावे. हे वाचताना क्षुल्लक वाटते. पण कोणीतरी होडीत कुदळ मारून पाहतोच.

खणल्यावर काही सापडायचे असेल, तर ते कॉमन इव्हेंटमध्ये लिहू नये. पाच नकाशांवर बारा ठेवे असतील तर कॉमन इव्हेंटच्या पोटात बारा अटींचे शेपूट तयार होते आणि महिन्याभराने ते आपले आपल्यालाच वाचता येत नाही. मातीचे ज्ञान कॉमन इव्हेंटकडे आणि ठेव्याचे ज्ञान त्या जागेकडे, अशी वाटणी करावी. ज्या चौकोनात ठेवा आहे तिथे एक नकाशा-इव्हेंट ठेवावा आणि त्याला तीन पाने द्यावीत. पहिले पान रिकामे, बिनचित्राचे आणि पात्रांच्या खाली असावे, म्हणजे खेळाडू त्यावरून सहज चालून जातो. दुसऱ्या पानाला सेल्फ स्विच (त्या एका इव्हेंटपुरताच असलेला स्विच) ‘ए’ची अट आणि ऑटोरन ट्रिगर द्यावा, ठेवा देण्याच्या कमांडा याच पानावर लिहाव्यात आणि शेवटी सेल्फ स्विच ‘बी’ चालू करावा. तिसऱ्या पानाला ‘बी’ची अट आणि खड्ड्याचे चित्र असावे. ‘बी’ चालू करायला विसरल्यास ऑटोरनचे पान थांबतच नाही आणि खेळाडूला ठेवे मिळतच राहतात. आधी त्याला आनंद होतो आणि मग त्याच्या लक्षात येते की खेळ जागीच अडकला आहे.

आता कॉमन इव्हेंटने त्या जागेचा ‘ए’ चालू करायचा आहे, आणि इथेच जावास्क्रिप्टची पहिली ओळ लागते, कारण सेल्फ स्विचची तयार कमांड फक्त ज्या इव्हेंटमध्ये ती लिहिली आहे त्याच्यापुरतीच चालते आणि कॉमन इव्हेंटला स्वतःची नकाशावरची जागा नसते. ‘गेट लोकेशन इन्फो’ दुसऱ्यांदा वापरून या वेळी ‘इव्हेंट आयडी’ मिळवावा. तो शून्य असेल तर तिथे नुसतीच माती आहे. शून्य नसेल तर ‘स्क्रिप्ट’ कमांडमध्ये गेम-सेल्फ-स्विचेस या ऑब्जेक्टच्या सेट-व्हॅल्यू फंक्शनला दोन गोष्टी द्याव्यात: पहिली म्हणजे चौकोनी कंसात नकाशाचा क्रमांक, इव्हेंटचा क्रमांक आणि अवतरणचिन्हातले मोठे ‘ए’ अक्षर, याच क्रमाने, आणि दुसरी म्हणजे ट्रू. कॉमन इव्हेंट संपताच जागेचे दुसरे पान आपोआप जागे होते. पुढे तेराव्या ठेव्याची भर घालताना कॉमन इव्हेंट उघडावाच लागत नाही. आधीचा नकाशा-इव्हेंट नव्या जागी उतरवून त्यातला ठेवा बदलला आणि खालच्या चौकोनावर रीजन ७ रंगवला की काम संपते. आधीच खणलेल्या खड्ड्यात खेळाडूने पुन्हा कुदळ मारल्यास आवाज होतो आणि काही मिळत नाही, कारण ‘बी’चे पान ‘ए’च्या पानापेक्षा वरचढ असते. मला ते रास्त वाटते.

परतीच्या अंगाऱ्याने माझी चांगलीच फजिती केली होती. पुडी उघडली की गावात परत, एवढीच कल्पना होती. म्हणून वस्तू कन्झ्युमेबल ठेवली आणि कॉमन इव्हेंटमध्ये लिहिले की ‘अंगारा बंद’ हा स्विच चालू असेल तर ‘इथे अंगाऱ्याचा गुण येत नाही’ असा संदेश द्यावा, नाहीतर ‘ट्रान्सफर प्लेअर’ करावे. एका मित्राने खेळून पाहिले आणि शेवटच्या भुयारात त्याने लागोपाठ तीन पुड्या उघडल्या. तिन्ही वेळा संदेश आला आणि तिन्ही पुड्या गेल्या. क्रम आठवावा: संदेश दिसण्याआधीच एंजिनने पुडी वजा केलेली होती. कॉमन इव्हेंटमधून ‘चेंज आयटेम्स’ने एक पुडी परत देणे हा वरवरचा उपाय आहे, परंतु मग नकाराच्या प्रत्येक वाटेवर ती परतफेड लिहावी लागते आणि एखादी वाट राहून जाते.

योग्य रीत उलटी आहे. अंगारा कन्झ्युमेबल ‘नो’ करावा आणि तो खर्ची टाकण्याचा अधिकार सर्वस्वी कॉमन इव्हेंटकडे द्यावा. इव्हेंटची पहिली कमांड बंदीच्या स्विचची तपासणी असावी. बंदी असेल तर संदेश द्यावा आणि ‘एक्झिट इव्हेंट प्रोसेसिंग’ने बाहेर पडावे. त्यानंतर ‘शो चॉइसेस’ने ‘गावात परत जायचे का?’ असे विचारावे, कारण मेनूत एक ओळ चुकून खाली जाऊन एंटर दाबणारे पुष्कळ असतात. आणि कॅन्सल दाबल्यास ‘नाही’ समजले जाईल असे ठरवावे. ‘हो’च्या शाखेत ‘चेंज आयटेम्स’ने एक पुडी वजा करावी आणि लगेच ट्रान्सफर करावे. अशा रीतीने वस्तू जाते ती फक्त काम झाल्यावर, आणि ती एकाच ठिकाणी वजा होते. या मांडणीतला एक तोटा मान्य करायला हवा: डेटाबेसकडे पाहून ही वस्तू संपणारी आहे हे कळत नाही. त्यासाठी वस्तूच्या नोटच्या चौकटीत ‘इव्हेंटमधून खर्च होते’ असे लिहून ठेवावे. खेळावर त्याचा परिणाम होत नाही आणि सहा महिन्यांनी तीच ओळ उपयोगी पडते.

अंगाऱ्याचे ऑकेजनही ‘मेनू स्क्रीन’च ठेवावे. लढाईत कॉमन इव्हेंट चालतो खरा, पण लढाई चालू असताना ट्रान्सफर प्लेअर ही कमांड चालत नाही आणि चूक झाल्याचा कोणताही इशारा मिळत नाही. पुडी वजा झाली, पात्र जागेवरच राहिले, असे पाहायला मिळाले तर कारण तेच समजावे.

कंदिलाची गंमत वेगळी आहे, कारण तो एकदा पेटतो आणि त्याच वस्तूने विझतो. नवशिक्या हाताने हमखास असे लिहिले जाते: ‘कंदील’ स्विच चालू असेल तर बंद करावा, आणि त्याखाली दुसरे कलम, स्विच बंद असेल तर चालू करावा. पहिल्या कलमाने तो बंद होतो, लगेच दुसरे कलम तपासले जाते, आता तो बंदच असल्यामुळे पुन्हा चालू होतो, आणि कंदील काही केल्या विझत नाही. दोन स्वतंत्र कलमे न लिहिता एकाच कंडिशनल ब्रँचमध्ये ‘एल्स’ची शाखा वापरावी.

उजेडासाठी ‘टिंट स्क्रीन’ पुरेसे वाटते, पण त्याने सगळा पडदा सारखाच उजळतो किंवा काळवंडतो. खेळाडूभोवती प्रकाशाचे वर्तुळ हवे असेल तर ८१६ बाय ६२४ पिक्सेलचे काळे चित्र घ्यावे, त्याच्या मध्यभागी कडा विरघळत जाणारे पारदर्शक वर्तुळ कापावे आणि ‘शो पिक्चर’ने ते दाखवावे, विझलेल्या कंदिलासाठी हातभर उजेडाचे दुसरे चित्र करावे. मात्र इथे एक मेख आहे. कॅमेरा नकाशाच्या कडेपाशी थांबतो आणि खेळाडू पडद्याच्या मध्यापासून सरकतो, पण चित्र मध्यावरच राहते; परिणामी उजेड एकीकडे आणि माणूस काळोखात. मूळ मापाचा पडदा ४८ पिक्सेलच्या चौकोनांत १७ बाय १३ इतका भरतो, म्हणून गुहेच्या नकाशाला डाव्या-उजव्या बाजूंना ८ आणि वर-खाली ६ चौकोनांची काळी, चालता न येणारी किनार ठेवावी. मग खेळाडू चालू शकतो त्या प्रत्येक जागी तो पडद्याच्या मध्यावरच राहतो. दाखवलेले चित्र नकाशा बदलला तरी पुसले जात नाही, त्यामुळे गुहेतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक वाटेवर ‘इरेज पिक्चर’ लिहावे. शिवाय भर दुपारी गावच्या चौकात कोणी कंदील काढला तर काळोख पसरू नये म्हणून ‘अंधारी जागा’ असा एक स्विच आधी तपासावा.

औषधालाही कॉमन इव्हेंट जोडण्याचा मोह होतो, उदाहरणार्थ काढा प्यायल्यावर पात्राने तोंड वाकडे करून काही बोलावे. त्यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. नुसते एचपी भरणारे औषध मेनूतून पूर्ण बऱ्या पात्रावर वापरू दिले जात नाही, पण कॉमन इव्हेंट जोडला की एंजिनच्या मते वस्तूचा काहीतरी उपयोग आहेच, त्यामुळे ही रखवाली निघून जाते आणि धडधाकट माणूसही काढा पिऊन संपवतो. दुसरे असे की काढा कोण प्यायले हे कॉमन इव्हेंटला ठाऊक नसते. डॅमेजच्या सूत्राची चौकट त्यावर तोड देते, कारण ते सूत्र म्हणजे जावास्क्रिप्टच असते: ‘ए’ म्हणजे वापरणारा, ‘बी’ म्हणजे ज्याच्यावर वापरले तो, आणि ‘व्ही’ म्हणजे व्हेरिएबलांची यादी. प्रकार ‘एचपी रिकव्हर’ ठेवून सूत्रात व्हीच्या विसाव्या खणात ‘बी’चा अ‍ॅक्टर आयडी ठेवावा आणि अर्धविराम देऊन शेवटी बरे करण्याचा आकडा लिहावा. सूत्र कॉमन इव्हेंटच्या आधी चालते, म्हणून इव्हेंटला विसाव्या व्हेरिएबलमध्ये पात्र तयार सापडते. एका काढ्याला किती कॉमन इव्हेंट जोडावेत, याचे उत्तर एक असे आहे. एमव्हीमध्ये दोन जोडल्यास फक्त शेवटचा लक्षात राहतो, एमझेडमध्ये मात्र ते रांगेत उभे राहतात.

किल्लीसारख्या वस्तूंना यातले काहीच लागत नाही. दाराच्या इव्हेंटमध्ये ‘सिलेक्ट आयटेम’ ही कमांड लिहिली की खेळाडूसमोर की आयटेमांची यादी उघडते आणि निवडलेल्या वस्तूचा क्रमांक व्हेरिएबलमध्ये येतो. काही न निवडल्यास शून्य येतो. वस्तूचे ऑकेजन ‘नेव्हर’ ठेवले तरी चालते.

संदेश मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. संदेशाच्या खिडकीत मजकूर एकेक चिन्ह करून उमटतो, त्यामुळे ‘कुदळ’मधला उकार सुटा पडतो आणि जोडाक्षरे हलंत दिसतात. एमझेडमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> ही खूण घातली तर ती ओळ एकदम उमटते आणि अक्षरे नीट जुळतात; नव्या ओळीवर खुणेचा प्रभाव संपतो, म्हणून ती दर ओळीला द्यावी लागते. एमव्हीमध्ये या खुणेनेही अक्षरे जुळत नाहीत, कारण तिथे प्रत्येक चिन्ह वेगळेच रंगवले जाते. एडिटरसोबत येणाऱ्या टंकात देवनागरी नसते. खेळ दुसऱ्याच्या संगणकावर कसा दिसेल हे नशिबावर सोडण्यापेक्षा मुक्त परवान्याचा एखादा देवनागरी टंक प्रकल्पाच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये ठेवून ‘सिस्टिम २’ पानावर त्याचे नाव द्यावे.

चाचणीसाठी पहिल्या नकाशावर एक पेटी ठेवून त्यातून सगळ्या वस्तू स्वतःला देऊन टाकाव्यात. प्लेटेस्टमध्ये एफ९ दाबल्यास स्विच आणि व्हेरिएबल यांची यादी उघडते. कुदळ चुकीच्या चौकोनावर पडत असेल तर एक्स आणि वाय तिथे वाचावेत, दिशेचे कोणते कलम उलटे झाले ते लगेच दिसते. आणि डेटाबेसमधल्या वस्तू नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून त्यांचा क्रम बदलू नये. इव्हेंट आणि सेव्ह फाइली या दोन्हींत वस्तूचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. कुदळ चौथ्या जागेवरून नवव्या जागी नेली तर जुन्या सेव्हमधल्या खेळाडूच्या हातात, चौथ्या जागी आता जे काही असेल ते येते.